पिंट्या जेवत नाही

मागच्या पोळ्याच्या तोंडावर मी एक लाकडी बैल घेऊन जनावरांच्या दवाखान्यात रांगेत उभा होतो. पुढे शेळी होती, मागे जर्सी गाय. गाईला ताप होता, शेळीला जुलाब होते आणि आमच्या बैलाला चार चाकं होती.

तुम्ही म्हणाल, हा माणूस शिकलेला दिसत नाही. शिकलेला आहे! बी.कॉम. आहे. वर्ध्यातल्या एका सरकारी कचेरीत खुर्ची झिजवून मुख्य लिपिक म्हणून रिटायर झालो आहे. उलट थोडा कमी शिकलो असतो, तर त्या रांगेत उभं राहायची पाळी आली नसती, असं माझ्या बायकोचं मत आहे. (ती स्वतः त्याच रांगेत बैलाची शेपटी धरून उभी होती, हे ती सांगत नाही.)

कचेरीत मी एकाच गोष्टीसाठी नावाजलेला होतो: माझी टिपणी. फाईलवर विषय असा मांडायचा, की साहेबाला सही करण्यावाचून दुसरा रस्ताच दिसू नये. सगळं आपल्याला हवं तसं लिहून खाली नम्रपणे ‘सबब मान्यतेस्तव सादर’ ठोकून द्यायचं. साहेबाला वाटायचं, निर्णय त्याने घेतला. तो बिचारा खूश, मी खूश. किती साहेब आले आणि गेले, पण माझी टिपणी कधी परत आली नाही. या विद्येचा माज घेऊनच मी रिटायर झालो, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आमची नात मनू तीन वर्षांची. मुलगा नितीन बुटीबोरीला कंपनीत, सकाळी अंधारात जातो, अंधारात येतो. सून स्नेहल सावंगीला कॉलेजात शिकवते. मनूसाठी तिने मोठी रजा घेतली होती, ती पावसाळ्यात संपली. दिवसभर मनू आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आणि माझी बायको शालिनी हिच्याकडे राहू लागली. सगळं छान होतं. फक्त एक भानगड होती. मनू मोबाईल पाहिल्याशिवाय जेवत नव्हती. मोबाईलवर एक निळा हत्ती नाचायचा, तो नाचला की हिचं तोंड उघडायचं, आणि तेवढ्यात शालिनी घास आत ढकलायची. हत्ती थांबला की तोंड बंद!

एक दिवस स्नेहल लवकर घरी आली आणि तिने ते पाहिलं.  रात्रीची भांडी आवरल्यावर तिने आम्हा दोघांना समोर बसवलं.

“बाबा, आई, राग मानू नका. पण हे असं नाही चालायचं. माझ्या कॉलेजजवळ एक चांगलं पाळणाघर आहे. पोळ्यापर्यंत बघते. मनू मोबाईल न पाहता जेवायला लागली, तर राहील घरीच. नाही तर पोळा झाला की मी तिला सोबत घेऊन जाईन.”

 खरं सांगतो, रिटायर झाल्यावर सकाळी उठून “आबा, आज आपन काय करायचं?” असं मला विचारणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ते माणूस रोज डबा घेऊन सावंगीला जायला लागलं, तर मी दिवसभर करायचं काय? शालिनीशी बोलायचं?

शालिनीचा तर चेहराच पडला. “इतकुसं लेकरू लोकायच्या घरी ठेवता का वो? आमी काय मेलो हाओ?”

“आई, असं काय बोलता! म्हणून तर तुम्हाला मदतीला हे देतेय,” असं म्हणत स्नेहलने आमच्या दोघांच्या मोबाईलमध्ये एआय टाकून दिलं. “यात मराठीत काहीही विचारा. टाईप करा नाही तर बोला. लहान मुलांना कसं जेवू घालायचं, कोणते खेळ घ्यायचे, गोष्ट कोणती सांगायची, सगळं सांगतं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोबाईल मनूच्या हातात द्यायचा नाही, आणि डोकं आपलं वापरायचं.”

यातली पहिली गोष्ट आम्ही अगदी तंतोतंत पाळली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दोन एआय नांदू लागले. मी माझ्या एआयला ‘साहेब’ म्हणायचो, कारण लिहून विचारायची सवय. शालिनीला टाईप करायचा कंटाळा, म्हणून ती मोबाईल तोंडाजवळ धरून बोलायची आणि त्याला ‘भाऊ’ म्हणायची. “का हो भाऊ, बरे हाओ ना?” इथपासून सुरुवात! माझ्याशी लग्न झाल्यापासून इतक्या मायेने कधी बोलली नाही. भाऊसुद्धा मोठा गोड. “नमस्कार, आज मी तुमची काय मदत करू?” शालिनी लाजायची!

सुरुवात झकास झाली. साहेबांनी एका दोडक्याची गोष्ट लिहून दिली. दोडका बाजारातून एकटाच घरी यायला निघतो, रस्त्यात त्याला कोण कोण भेटतं वगैरे. मी ती हातवारे करत म्हणून दाखवली आणि मनूने, हत्ती न नाचता, दोडक्याच्या भाजीचे दोन घास खाल्ले. दोन! मी गच्चीवर जाऊन शेजारच्या कॉलनीपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. शालिनी म्हणाली, “दोन घासानं पोट भरते का? आना इकडे, मी भरवते.”

“भरवायचं नाही! तिने आपल्या हाताने खायचं.”

“कोन म्हन्ते?”

“साहेब म्हणतात.” आणि नसतील म्हणत, तर म्हणायला लावतो, असं मनात म्हणून मी मोबाईल उघडला आणि जेवता जेवता डाव्या हाताने टिपणी लिहिली. ‘विषय: बालिकेस स्वहस्ते भोजन करू देणेबाबत. उपरोक्त विषयान्वये नम्र निवेदन की, बालिका तीन वर्षांची असून हुशार आहे. तथापि तिची आजी तिला बळजबरीने घास भरविते, ज्यामुळे बालिकेच्या स्वावलंबनास बाधा पोचत आहे. सबब सदर प्रकार थांबविणे उचित राहील किंवा कसे? मान्यतेस्तव सादर.’

क्षणात उत्तर! ‘तुमचा विचार अतिशय योग्य आहे. मुलांना स्वतःच्या हाताने खाऊ देणं त्यांच्या वाढीसाठी फार महत्त्वाचं आहे...’ पुढे आणखी बरंच होतं. पण टिपणीवर ‘मान्य’ आलं, की खालचं वाचायची मला सवयच नाही. मी मोबाईल शालिनीच्या नाकासमोर धरला.

तिने पदराला हात पुसले, आपला मोबाईल घेतला आणि तोंडाजवळ धरला. “का हो भाऊ, तीन सालाचं लेकरू उपाशीपोटी निजते. तिच्या आजीनं मायेनं दोन घास भरवले, तं काई पाप हाय का?”

भाऊ म्हणाला, “मुळीच नाही! आजीच्या हातचा घास म्हणजे प्रेम आणि सुरक्षिततेची भावना...”

“ऐकलं?” शालिनी मला म्हणाली. “आमचा भाऊ तुमच्या साहेबापरीस शहाना हाय.”

झालं! त्या दिवसापासून घरात दोन राज्यं. एका बाजूला माझं स्वावलंबनाचं ताट, दुसऱ्या बाजूला तिचं मायेचं ताट. मी काहीही विचारलं की साहेब म्हणायचे, फारच छान विचार. तिने त्याच्या बरोब्बर उलट विचारलं की भाऊ म्हणायचा, अगदी बरोबर आहे तुमचं. दुपारी झोपवावं की न झोपवावं? दोन्ही बरोबर. अंघोळीआधी तेल की नंतर? दोन्ही बरोबर. मनू आमच्या दोघांच्या मधोमध बसून दोन्ही ताटांकडे पाहायची आणि शांतपणे विचारायची, “हत्ती कुठं हाय?”

पोळा जवळ आला. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरासोरांचा. मुलं लाकडी बैल सजवून घरोघर ओढत नेतात आणि लोक त्यांना बोजारा म्हणून खाऊ, पैसे देतात. नितीनच्या लहानपणचा एक बैल सज्ज्यावर पडला होता. मी तो खाली काढला, धुतला, पांढरा रंग दिला, शिंगांना लालभडक हिंगूळ लावला. मनूने त्याला पाहिलं आणि त्याच्या गळ्यातच पडली. बैलाचं नाव काय ठेवायचं, यावर मी राजा, सर्जा, पवन अशी खानदानी नावं सुचवली. मनूने त्याचं नाव पिंट्या ठेवलं.

आणि जेवायच्या वेळी पहिल्यांदाच ती आपण होऊन पाटावर येऊन बसली. “आबा, पिंट्याले वाढ. पिंट्या जेवला का मी जेवते.”

मी लगेच टिपणी टाकली. साहेब तर उड्याच मारायला लागले! ‘फारच सुंदर! या वयात कल्पनेचे खेळ मुलांच्या भाषेसाठी आणि भावनांसाठी अमूल्य असतात. तिच्या खेळात सामील व्हा.’ झालो सामील. पिंट्याचं ताट मांडलं. पोळी, भाजी, वरण-भात, लोणच्याची फोड. मनू त्याच्या शेजारी बसली आणि आपल्या हाताने जेवली. सगळं ताट! हत्ती नाही, गोष्ट नाही, काही नाही! शालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर पिंट्याला नमस्कार केला. संध्याकाळी स्नेहलला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “खरंच? बाबा, असंच चालू द्या.” पाळणाघर त्या क्षणी मला बुटीबोरीच्याही पलीकडे गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मनूने पिंट्याच्या ताटात डोकावून पाहिलं.

“आबा, ह्यानं काईच नाई खाल्लं.”

आता आली का पंचाईत! बैल लाकडाचा. ताट भरलेलं. “खाईल, खाईल, तू नजर लावू नको,” असं म्हणून मी तिला अंगणात पाठवलं आणि पिंट्याचं ताट घेऊन पडद्यामागे गेलो. (दुसरं काय करणार? अन्न टाकून देण्याचे संस्कार आमच्यावर नाहीत.) मनू परत आली, रिकामं ताट पाहिलं, टाळ्या पिटल्या आणि जेवली. तेव्हापासून मी दोन वेळचं आपलं आणि दोन वेळचं बैलाचं असं जेवू लागलो. पँटचं बटण लागेना. शालिनी म्हणायची, “पोळ्याच्या दिवशी तोरनाखाली कोनाले उभं करायचं? बैलाले का तुमाले?”

पडद्यामागचं हे सरकारी काम किती दिवस लपणार! एका दुपारी मी पिंट्याच्या वाटीतल्या वरणात पोळी चुरत होतो, आणि पडदा सरकला. खाली मनू उभी.

“आबा! तू पिंट्याचं खाल्लं!”

“नाही गं, मी फक्त चव...”

“तू चोर हाय!” आणि जो काही भोंगा लागला म्हणता! तीन घरांपलीकडच्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं मी पडलो. मनू पिंट्याला पोटाशी धरून बसली. पिंट्या उपाशी आहे, आबाने त्याचं खाल्लं, पिंट्या बिमार पडला, आता मीही जेवणार नाही. रात्री जेवली नाही. सकाळी दूध प्याली नाही. हत्तीसुद्धा दाखवून पाहिला (हे स्नेहलला सांगू नका), तर तिने हत्तीकडे पाठ फिरवली! पोळा अगदी दारात आला होता. स्नेहलने जाताना पोरीच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली.

ती गेल्यावर आम्ही दोघं आपापले मोबाईल घेऊन आपापल्या कोपऱ्यात गेलो. शालिनी रडवेली होती, त्यामुळे सरळ मुद्द्यावर आली. “का हो भाऊ, आमचा बैल कालपासून काईच खाऊन नाई राह्यला वो. काय करू?”

आमच्या घरात बैल म्हटलं की पिंट्या. भाऊला काय ठाऊक? त्याचा आवाज एकदम गंभीर झाला. “हे काळजीचं लक्षण आहे. बैलाला ताप आहे का ते पाहा. तो रवंथ करतो का? पोट फुगलं आहे का? कृपया उशीर न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.”

शालिनीने पिंट्याचं पोट चाचपून पाहिलं. टणक होतं. “मायबाई!” ती म्हणाली.

इकडे माझी टिपणी तयार होती. ‘सदर बालिका बैलाच्या प्रकृतीबाबत चिंतित असून तिच्या समाधानार्थ बैलास दवाखान्यात नेणे शैक्षणिकदृष्ट्या उपयुक्त राहील. मान्यतेस्तव सादर.’ साहेबांनी पहिल्याच ओळीत शाबासकी दिली. ‘अतिशय कल्पक विचार! दवाखान्याच्या खेळातून मुलांची भीती कमी होते आणि...’ खाली त्यांनी घरच्या घरी दवाखाना कसा मांडायचा, वाटीचा स्टेथोस्कोप कसा करायचा, हे सविस्तर लिहिलं होतं. ते मी फार नंतर वाचलं. तेव्हा मी फक्त शाबासकी पाहिली आणि मोबाईल बंद केला.

“साहेब म्हणतात, दवाखान्यात न्या.”

“भाऊ बी तेच म्हन्ते!”

 लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं! असा योग पुन्हा येईल की नाही, या विचाराने मी स्कुटी बाहेर काढली. पुढे मनू उभी, मधे मी, मागे शालिनी, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पिंट्या. चौकात एका ओळखीच्या माणसाने हात केला. “काका, कुठं निंगाले?”

“दवाखान्यात!”

“कोनाले बरं नाई?”

“बैलाले!” मनूने सांगितलं. तो माणूस आमच्या स्कुटीकडे बराच वेळ पाहत उभा राहिला.

दवाखान्यात पोळ्यामुळे गर्दी होती. मी आत शिरलो आणि माझी ट्यूब पेटली, की आपण हे काय करून राहिलो आहोत! पण तेवढ्यात खिडकीतल्या माणसाने विचारलं, “जनावर कोनतं?”

“बैल,” मी हळूच म्हणालो.

“बाहेर बांधून ठेवा. नंबर आला का आना.”

“तो... इथेच आहे.”

त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. आधी बैलाकडे पाहिलं, मग चाकांकडे, मग माझ्याकडे. आणि मला म्हणाला, “काका, तुमाले मानसायचा दवाखाना पाह्यजे. तो तिकडं हाय.”

मी परत फिरणार, तर मनूने माझी पँट पकडली. “आबा, पिंट्या मरून जाईन!” आता सांगा, काय करायचं? लोक हसले तर हसले. मी सरळ जाऊन गाय आणि शेळीच्या मधे उभा राहिलो. समुद्रपूरकडचा एक शेतकरी गाय धरून होता. तो अदबीने म्हणाला, “बैल चांगला हाय, काका. एव्हरेज काय देते?” सगळी रांग खिदळली. शेळीवाल्याने मोबाईल काढला आणि शूटिंग सुरू केलं. मी हसून हात हलवला. दुसरं काय हलवणार!

डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी होती, गाऊनला शेणाचे शिंतोडे, कपाळावर घाम. मी माझ्या कचेरीच्या भाषेत ‘सदर बैल’ म्हणून सुरुवात केली, तिने मला हातानेच गप्प केलं आणि मनूसमोर उकिडवी बसली.

“काय झालं याला?”

“जेवत नाई.”

“का बरं?”

“आबा त्याचं खाऊन टाकते!”

 मग डॉक्टरने मान वर करून मला विचारलं, “आजोबा, तुम्ही बैलाचं खाता?”

“म्हणजे, तसं नाही, पोळी वगैरे...”

“सरकीची ढेप बी खाते का?” मागून समुद्रपूरकर ओरडला. शेळी सोडून सगळे हसत होते. शालिनी तर पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली होती. ती रडते आहे असं मला वाटलं, पण ती हसत होती!

डॉक्टर मात्र हसली नाही. तिने पिंट्याच्या छातीला नळी लावली, शिंगं पाहिली, चाकं फिरवून पाहिली. “ठणठणीत आहे. अगं, हा साधा बैल नाही. हा नंदी आहे. नंदी तोंडाने नाही जेवत, वासाने जेवतो. तुझी आजी देवाला नैवेद्य दाखवते ना? तो ताटातून संपतो का?”

“नाई.”

“मग त्याचं काय करता?”

मनूने विचार केला. “परसाद!”

“कोण खातं?”

“मी!”

“हां. मग पिंट्याचं ताट आधी पिंट्याला दाखवायचं, त्याने वास घेतला की परसाद तू खायचा. आबाने आपल्या ताटातलं खायचं. चला, नेक्स्ट! गाय आणा.”

झालं. इतकंच! आणि मी दोन मोबाईल, दोन ताटं, एक पडदा एवढं सगळं घेऊन आठवडाभर लढत होतो. साहेबांना हे सुचलं नसतं असं नाही. पण दोडक्याच्या गोष्टीनंतर मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं. फक्त मान्यता मागितली होती.

घरी पोचलो तर फाटकात स्नेहलची गाडी. शेळीवाल्याचं शूटिंग आमच्या आधी सावंगीला पोचलं होतं! ‘वर्धेचे काका बैलाची ढेप खातात’ असं त्यावर कुणीतरी लिहिलं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ते पाहून पोट धरून हसून घेतलं, आणि मग एकीने विचारलं, “अगं स्नेहल, हे तुझे सासरे ना?”

“बाबा,” स्नेहल म्हणाली, “मी ते एआय मनूसाठी दिलं होतं. बैलासाठी नाही.”

“तसं नाही, ते शैक्षणिकदृष्ट्या...”

“पोरगी कालपासून उपाशी आहे आणि तुम्ही तिला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात? पोळ्याची वाट कशाला पाहायची? मी उद्यापासूनच पाळणाघरात नेते.”

शालिनीने मनूला जवळ ओढलं.   काहीतरी बोलायला हवं होतं, तर मी म्हणालो, “आधी जेवून तर घेऊ.”

पानं वाढली. मनूने पिंट्याला ओढत आणलं, त्याचं ताट त्याच्या नाकासमोर धरलं आणि शालिनी फिरवते तसं पाणी ताटाभोवती फिरवलं. (पाणी पिंट्यावर सांडलं. रंग गळायला लागला.) मग डोळे मिटून जरा थांबली. “झालं. वास घेतला त्यानं.” आणि ताट आपल्यापुढे ओढून जेवायला लागली. पोळी, दोडक्याची भाजी, वरण-भात. आपल्या हाताने. मोबाईल नाही, गोष्ट नाही, कुणी भरवत नाही. बोटं चाटून पुन्हा भात मागितला. स्नेहल घास हातात धरून नुसती पाहत राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरचा राग कधी उतरला, तिलाही कळलं नसेल.

“मनू,” ती हळूच म्हणाली, “तू उद्या माझ्यासोबत पाळणाघरात येशील? तिथे खूप मुलं आहेत.”



मनूने तोंडातला घास नीट चावून गिळला. “मी नाई येत.”

“का गं?”

“मी गेली तं आबाले कोन पाह्यन? आबा मोबाईल पाह्यल्याबिगर जेवतच नाई!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं ताट जसंच्या तसं होतं. वरणावर साय धरली होती. आणि माझ्या डाव्या हातात, ताटाच्या आड, मोबाईल होता. त्यात अर्धी टिपणी लिहून झाली होती: ‘विषय: सुनेचा राग शांत करणेबाबत.’

स्नेहल इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. शालिनीने तिच्या पाठीवर थापा मारल्या आणि स्वतःही हसत सुटली. मग स्नेहलने डोळे पुसले, माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला, आपल्या मोबाईलवरून पाळणाघराला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

“मॅडम, माझ्या मुलीसाठी जागा आता नको, ती घरीच राहणार आहे. पण एक विचारायचं होतं. साठीच्या पुढचं कुणी ठेवता का? स्वभावाने गरीब आहेत.”

पलीकडच्या बाई म्हणाल्या, “आपल्या हाताने जेवतात का?”

स्नेहलने माझ्या ताटाकडे पाहिलं. “नाही.”

“मग नाही घेत.”

जन्मभर मी लोकांचे अर्ज नामंजूर केले. माझा मात्र मी करायच्या आधीच नामंजूर झाला!